राहून गेलेली हळद

सुका गेला, तेव्हा त्याच्या नावावर डोंगराकडचा भाताचा तुकडा आणि बँकेतलं एक खातं, एवढंच उरलं. वारस दाखल्यासाठी नवसी लेकीला, सपनाला घेऊन पालघरच्या कोर्टाजवळ वर्षाराणी वकीलबाईंपुढे येऊन बसली.

"मावशी, लग्नाचा काही पुरावा?"

"लगीन अजून व्हायचं हाय," नवसी सहज बोलून गेली.

बाईंचं पेन थांबलं. नवसी-सुकाचा तीस वर्षांचा संसार, दोन पोरं, पण लग्नाचा खर्च कधी झेपलाच नव्हता. त्यांच्या पाड्यात असंच चालतं. आधी घर मांडायचं, लग्न सवडीनं. पुढे पोराच्याच मांडवात आईबापानंही हळद लावून घ्यायची. येत्या उन्हाळ्यात लेकाचं, मिथुनचं लग्न काढायचं, असं सुकानं ठरवलंही होतं. कायदा मेला असल्या सवडीला कुठला थांबायला!

"अर्ज मुलांच्या नावानं करू. तुमचं नातं सिद्ध करायला फार वेळ जाईल," बाई मान खाली घालून लिहीत म्हणाल्या. सपनानं आईला वाचून दाखवलं: मयत सुका, अविवाहित.

संमतीच्या कागदासाठी शाई लावलेला अंगठा नवसीनं तसाच वर धरला.

"बाय, मग तो गेला त्या दिशी बायांनी माज्या बांगड्या फोडल्या, त्या कुनाच्या नावाच्या?"