कौसामावशी ‘नको’ म्हणाली होती

अन्याय कौसामावशीवर झाला. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, वेरूळच्या डोंगरातल्या घळीच्या तोंडाशी. मी तिथे होतो.

मावशी शेळ्या राखायची. साठीची, काटक, तोंडाने फटकळ. घळीत धबधबा आहे हे बाहेरच्यांना तिच्यामुळेच कळलं. मी डोंगरातल्या खाणीविरुद्ध सह्या गोळा करत तिच्याकडे गेलो, तर तिने माझं पत्रक घडी करून कमरेला खोचलं. म्हणाली, “कागूद मागून. आधी वाचवायचं काय ते तर बघ.”

आत नेण्याआधी ती पाण्याच्या अगदी कडेला शेळीची लेंडी ठेवायची आणि तंबाखू मळून तोंडात टाकायची. तंबाखू थुंकेपर्यंत लेंडी जागेवर राहिली तर आत जायचं. पाण्यानं उचलली, तर वर कुठंतरी पाऊस झालाय, मुकाट्यानं परत. माझ्या वेळी राहिली. आत दोन्ही कोपरं कातळाला घासत होती, वर आभाळाची चिंधी. वळण घेतलं आणि समोर पाणी उभंच्या उभं कोसळत होतं. मी काहीतरी बोलायला लागलो, तर म्हणाली, “गप ऱ्हा. सभा हाय का हितं?”

त्या दिवशी शहरातले सहा जण आले. लेंडी वाहून गेली.

“नको लेकरांनो, पाणी चढतंय.”

एकाने विचारलं, हवामान खातं आता शेळ्या चालवतात का. ते हसले. काठावर पाणी बघायला जमलेले आम्हीही हसलो. ते आत गेले.

लोंढा आला. परक्या पुरुषासमोर डोईवरचा पदर न ढळू देणाऱ्या बाईने अंगावरचं लुगडं सोडलं आणि कातळावरून खाली टाकलं. मी शर्ट काढून तिच्या अंगावर घातला आणि आम्ही ओढत राहिलो. पाच जण ते धरून वर आले. सहावा दुसऱ्या दिवशी सापडला.

पाचांनी जबाब दिला, बाईनेच आत नेलं. मावशीवर गुन्हा दाखल झाला, लुगडं मुद्देमालात जमा झालं. तू बोलत का नाहीस, असं मी तिला रागाने विचारलं.

“ह्या पाचांना त्या गेलेल्या पोराच्या आईला काईतरी सांगावं लागतंय ना. मी घावले,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “तेवढं लुगडं मागून आण. लेकीनं घेतलेलं हाय.”

चार खेपा घातल्या. खटला संपल्याशिवाय मिळत नाही, म्हणाले. संक्रांतीच्या आधी मावशी गेली. मी मातीला गेलो. रडू आलं नाही. परत येऊन जेवलो. तिच्या शेळ्या जावयाने विकल्या. घळीपाशी आता पाटी आहे : अनधिकृत वाटाड्यांच्या नादी लागू नये.

माझा जबाब झाला. मावशीवरचा ठपका पुसायला एकट्याचा पुरत नाही, म्हणतात. काठावर आपण वीसेक जण होतो. हसलो, त्याअर्थी ती काय म्हणाली ते ऐकलं होतं. तुम्ही त्यातले असाल तर ठाण्यात या, तेवढं एक वाक्य लिहून द्या, आणि खाली पूर्ण नावाने सही करा.