हात मागे!

बारा जूनला बालसंग्रहालयात सहा लाख चौऱ्याऐंशी हजार तीनशे रुपयांचं पाण्याचं टेबल आलं आणि त्याच दिवशी, त्याहून पुष्कळ स्वस्तात, मामा आले. टेबलावर छोटी धरणं, झडपा, चक्रं होती. मुलांनी पाणी अडवायचं, सोडायचं, भिजायचं आणि त्यातून शिकायचं. मामांनी फक्त उभं राहायचं.

मामा पहारेकरी. आधीची सगळी नोकरी जुन्या वस्तुसंग्रहालयात, तलवारी आणि फुटक्या रांजणांच्या सोबतीत गेलेली. तिथे एकच वाक्य बोलावं लागे : "हात मागे!" ते त्यांनी असं घोटलं होतं की, ऐकून झाडणाऱ्या मावशीसुद्धा झाडू पाठीमागे न्यायच्या. आता पेन्शन तुटपुंजी आणि घरभाडं वाढलेलं, म्हणून ही नोकरी. संचालक मॅडम म्हणाल्या होत्या, "महिनाभर बघू." या 'बघू'चा अर्थ मामांना चांगला ठाऊक होता.

"तुम्ही मुलांना हाताने काम करायला शिकवणार?" बायको म्हणाली. "घरात कधी पाण्याचा तांब्या उचलला नाहीत."

"शिकवायचं नाही गं, उभं राहायचंय."

"मग जमेल. घरी तेच करता."

पहिल्याच सकाळी शाळेची सहल आली. एका मुलीने टेबलाकडे हात नेला आणि मामांच्या तोंडून सवयीने निसटलं, "हात मागे!" अख्ख्या वर्गाचे हात पाठीमागे गेले. बाईंना भरून आलं. वर्षभरात त्यांना हे साधलं नव्हतं. पाण्याच्या टेबलावरून अख्खी सहल कोरडी परत गेली.

मॅडम लालबुंद झाल्या. "मामा, इथे हात लावायचा असतो! भिंतीवर काय लिहिलंय?"

'हातांना विचार करू द्या' असं लिहिलं होतं. ते इतकं उंचावर होतं की मुलांना दिसत नसे. उद्घाटनाच्या फोटोत मात्र सुरेख आलं होतं.

"ते वाक्य पुन्हा ऐकू आलं, की त्याच दिवशी तुमची सुट्टी."

मामांनी तोंडाला कुलूप घातलं. बोलायचं नसल्यामुळे बघणं वाढलं. रविवारी पालक यायचे आणि मुलांना शिकवायचं म्हणून स्वतःच टेबलाला भिडायचे. एक इंजिनिअर बाबा बाह्या सरसावून धरण बांधत होते. त्यांचा मुलगा त्यांचं घड्याळ सांभाळत उभा होता.

"बाबा, मी सोडू पाणी?"

"थांब रे. आधी समजून घे. दाब म्हणजे काय?"

मुलाने हात पुढे केला. बाबांनी तो कोपराने सारला. "अरे, बिघडवशील!"

जुन्या दालनात रांजणही कोणी इतका जपला नव्हता. मामांना घरभाडं आठवलं. त्यांनी मॅडमच्या केबिनकडे एकदा पाहिलं आणि मग छाती भरून घेतली.

"हात मागे!"

बाबांचे हात पाठीमागे गेले. टेबलाभोवतीच्या बाकीच्या बाबांचेही गेले आणि दोन आयांचेसुद्धा. मुलाने घड्याळ मामांच्या हाती ठेवलं, झडप ओढली, आणि दाब म्हणजे काय ते बाबांच्या बुटांना कळलं.

"पुन्हा!" मुलगा ओरडला.

बाबा फचक फचक करत केबिनमध्ये गेले आणि मॅडमना घेऊन आले.

"मला शाळकरी पोरासारखं दटावलं यांनी!"

"मामा, माफी मागा."

"मागतो," मामा म्हणाले. भाडं भरायचं होतं.

पण तेवढ्यात मॅडमनी मुलाच्या हातातली झडप धरली. "अशी नाही रे बाळा, दे इकडे, मी दाखवते."

माफी मामांच्या घशातच राहिली. ते अगदी हळू बोलले, "मॅडम, हात मागे."

मॅडमचे हातही पाठीमागे गेले. गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. सगळे बघत होते. मुलगा तेवढा पाणी सोडण्यात गर्क होता.

"उद्या सकाळी भेटा," त्या म्हणाल्या.

मामा सकाळी गणवेश परत करायला म्हणून इस्त्री करून घेऊन गेले. तो परत अंगावर चढवावा लागला. नोकरी पक्की झाली होती, काम तेवढं बदललं : यापुढे पालकांना टेबलापासून लांब ठेवायचं. पुढच्या महिन्यात संग्रहालयातच भरलेल्या एका परिषदेत मॅडमनी ही कल्पना आपल्याला प्रदीर्घ अभ्यासातून सुचल्याचं सांगितलं. मामांनी दाराशी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पालकांना अडवायची दोरी मामांनी स्वतःच्या खिशातून आणली. तिचे एकशे दहा रुपये कार्यालयाकडून अजून यायचे आहेत.