मापाचं ब्लाउज

तमिळ मुलखात, तिरुवल्लिकेणीत भवानीबाईंचं शिलाईचं दुकान होतं. भिंतीवर खिळ्याखिळ्याला मापाची ब्लाउजं टांगलेली, प्रत्येकाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली. लेकीचं, विद्युलतेचं, मापाचं ब्लाउज तेवढं घरच्या कपाटात असे, बिनचिठ्ठीचं. घरच्या माणसाला कसली आलीय चिठ्ठी!

नवऱ्यामागे बाईंनी याच मशीनवर दिवस काढले आणि लेकीला फॅशन शिकायला मिलानला धाडलं. चार वर्षांनी, २००७ साली, लेकीनं तिकीट पाठवलं. बाई हरखल्या. जुन्या मापावरून रेशमी ब्लाउज शिवलं आणि सवयीनं आत दोन बोटं कापड राखलं. पोरीची जात, अंग भरलं असेल, उसवून वाढवता येईल.

मिलानला लेकीनं ते घातलं, तर खांद्यावरून घसरलंच. पोर अर्धी झाली होती.

"जेवतीस की नाही गे?"

"इथं सगळ्या अशाच, अम्मा," म्हणत ती कामावर पळाली. रोजच पळायची.

मग बाई एकट्याच हिंडायच्या. रस्त्यावरची माणसं लग्नाला निघाल्यासारखी नटलेली, आणि बाई कांजीवरम साडीवर स्वेटर चढवून. एका झगमगीत दुकानात शिरून त्यांनी कोटाचा काठ उलटून पाहिला. आत बोटभरसुद्धा कापड राखलेलं नाही! एवढी किंमत घेतात आणि यांचा हात सुटत नाही? या लोकांना वाढायचंच नाही की काय? पण हे सांगायचं कुणाला? दुकानातल्या मुलीनं हसून कोट हातातून काढून घेतला. बाईंना एकाएकी रडू आलं.

परत कधी येशील, हा एकच प्रश्न घेऊन त्या एवढ्या लांब आल्या होत्या. तो काही तोंडातून फुटेना. निघायच्या आदल्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "मापाला आताचं काहीतरी दे गे. पोंगलला येशील तोवर शिवून ठेवते."

"नको शिवू, अम्मा. मी आता इथलीच. उगाच वाट बघशील."

"सरी. बरं," बाई म्हणाल्या आणि रेशमी ब्लाउजाची घडी घालत बसल्या.

परतून आपल्या गल्लीत पाऊल टाकताच शेजारच्या सरोजानं विचारलं, "पोरगी कधी येणार?"

"येईल की."

घरी येऊन त्यांनी कपाटातलं जुनं ब्लाउज काढलं. चिठ्ठीवर लेकीचं नाव लिहिलं, ती ब्लाउजाला टाचली आणि दुकानात जाऊन ते गिऱ्हाइकांच्या मापांशेजारी, रिकाम्या खिळ्याला टांगलं.