अक्काची तिरंदाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला ती जाईपर्यंतही नाही. आणि जिला सांगायचं ती समोर असते — तिलाही नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पारोळ्याजवळचं गाव, रोजंदारीवर चालणारं घर. माझं शिक्षण व्हावं म्हणून मोठ्या बहिणीने, अक्काने, सातवीतून शाळा सोडली आणि ती आईबरोबर लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. बोंडांच्या वाळक्या टोकांनी तिची बोटं सोलवटलेली असायची. त्या बोटांच्या जोरावर मी बी.एस्सी. झालो. मला त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. पण त्या अभिमानाने मला काय करायला लावलं, ते लपवत आलोय.

नव्वदीच्या शेवटी-शेवटी मला जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली. त्याच वर्षी अक्काचा नवरा वारला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शिंदखेड्याच्या सासरच्यांनी तिला 'पांढऱ्या पायाची' ठरवून माहेरी आणून सोडलं. ती माझ्या खोलीवर राहायला आली. स्वयंपाक करायची, आणि उरलेला दिवस भिंतीकडे बघत बसायची. रविवारी क्लास बंद, किल्ली माझ्याकडे. एका दुपारी तिला घेऊन गेलो आणि एक खेळ लावून दिला.

अंधाराचा खेळ होता तो. पडक्या देवळाखाली भुयार, त्याखाली आणखी भुयार, आणि त्यांतून चालत येणारे हाडांचे सापळे. आधी आपण कोण ते निवडायचं — योद्धा, मांत्रिक की तिरंदाज. तिरंदाज बाई होती. अक्काने तिच्यावर बोट ठेवलं.

"ही कोन शे रे, भाऊ?"

"ही तूच. खेळात ही चालली की तू चाललीस."

ती हसली. किती महिन्यांनी हसली! मी सांगत गेलो — लाल बाटली प्यायली की जीव भरतो, निळीने मंत्राचं बळ येतं. एकेक सापळा पाडला की ही बाई शिकत जाते, आणि शिकलेलं तिच्याकडून कुणी काढून घेत नाही. अक्का पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "यामा मरेल मानूस परत येस का?"

मेलेला माणूस परत येतो का. तिनेच विचारावं हे!

येतो. खेळ सेव्ह केलेला असला की तिथून पुढे परत उभा राहतो. मी म्हणालो, "नाही." का म्हणालो? एवढं एक तरी फक्त मला ठाऊक असावं म्हणून — दुसरं काय? शटर ओढण्याआधी मीच गुपचूप तिचा खेळ सेव्ह करून ठेवायचो. तिला वाटायचं, मशीनच आठवण ठेवतं.

मग ती एकच जीव असल्यासारखी जपून खेळली. कापूस वेचणारीची नजर हातातल्या बोंडावर नसते, पुढच्या झाडावर असते. आणि खाली पडलेलं ती मागे सोडत नाही. अक्का तशीच खेळायची. माझा योद्धा मरून-मरून जिथे अडकला होता, तिथून तिची तिरंदाज केव्हाच खाली उतरली.

एका रविवारी क्लासचे मालक, आमचे सर, अचानक आले. माझा योद्धा कुठे अडकलाय ते त्यांना ठाऊक होतं. मागे उभं राहून बघत राहिले आणि मोठ्याने हसले. "काय हो बी.एस्सी., ताईंनी तर तुम्हाला कापसासारखं वेचून पिशवीत टाकलं! बायकांच्या बॅचला माउस धरायचीच भीती वाटते. ताईंना तिथे बसवू. महिनाभरात त्याच शिकवतील."

अक्काच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी बघितलं. बघितलं होतं — म्हणून तर म्हणतो, मला सगळं कळत होतं.

पुढच्या रविवारी ती हात धुऊन यायला मागच्या नळावर गेली, तेवढ्यात मी तिची तिरंदाज पुसून टाकली. एक बटण. मशीनने विचारलंसुद्धा, नक्की का? मी हो म्हटलं.

तिने खूप शोधलं. मग माउसवरून हात उचलून मांडीवर घेतला. "मना हातथून बिघडनं का रे, भाऊ?"

"हो," मी म्हणालो. "तुझ्याच हातून."

त्या बाईला पांढऱ्या पायाची म्हणून घराबाहेर काढलेलं होतं, हे ठाऊक असलेला माणूस असं बोलला. सरांनी बॅचचं विचारलं तेव्हा तिनेच नको म्हणून सांगितलं. माझ्या हाताला यश नाही, म्हणाली. मी शेजारीच उभा होतो. त्याच आठवड्यात ती गावी परतली. हंगाम आला तशी पुन्हा वेचणीला लागली.

पुढे मी पारोळ्यात स्वतःचा क्लास काढला. दारावर माझं नाव आहे, नावापुढे बी.एस्सी. आहे. तालुक्यातल्या कितीतरी पोरी माझ्याकडे कॉम्प्युटर शिकून नोकरीला लागल्या. दुपारी अक्का माझा डबा घेऊन येते. उंबऱ्याशी ठेवते. आत येत नाही.