दोरी सोडली, तरी कोंबडी उभीच

मंडळी, आळेफाट्याच्या सायबर कॅफेतून लिहितोय. सकाळचं डोक्यातून जाईना, म्हणून मुद्दाम इथवर आलो.

माझा चुलतभाऊ अंड्यांची पोल्ट्री चालवतो. अंडी कमी झाली की त्या कोंबड्या व्यापारी घेऊन जातो. त्यातली एक भावानं आमच्या आईला दिली. चोचीचं टोक छाटलेलं, मानेवर पिसं नाहीत.

नवी कोंबडी पळून जाऊ नये म्हणून आपल्याकडं काही दिवस तिचा पाय बांधून ठेवतात. आईनंही बांधला. आज सकाळी भाऊ आला होता, तेव्हा दोरी सोडली. आमच्या गावठी कोंबड्या उकिरड्यावर नुसती माती उडवत होत्या. ही मात्र जागची हलली नाही.

"पिंजऱ्यात येवढ्याच जागेत असत्यात काकू," भाऊ म्हणाला. "पर खाणंपाणी येळेवर. मुंगसाची भीती न्हाई."

मला लई राग आला. पण त्याचंही खोटं नव्हतं. मागच्याच आठवड्यात मुंगसानं आमची एक कोंबडी नेली.

आई कोंबडीपुढं उकिडवी बसली आणि बोटांनी माती उकरायला लागली. "आसं करायचं बाय. आसं."

कोंबडीनं एक पाय उचलला आणि तिथंच परत ठेवला.

भाऊ बघत राहिला. जाताना हळूच म्हणाला, "काकू, ही चालली तर सांगा. आणखी दोन आणतो."

मी निघालो तेव्हा आई तिथंच बसली होती. तुमच्यापैकी कुणी पिंजऱ्यातली कोंबडी अंगणात सोडली आहे का? शिकते ना हो ती उकरायला? घरी जाऊन आईला सांगायचंय.