काकूंचा नकार

कॉलेजात आम्हाला ‘समाजासोबत काम करतानाची नैतिकता’ असा एक विषय होता. त्यासाठी इंदापूरजवळ वरकुट्याला जाऊन एका शेतकरी बाईची मुलाखत घ्यायची होती. एक मुलाखत, तीस गुण. बाकीच्यांनी “काकू, इथं सही करा” म्हणून काम उरकलं. मला अनोळखी माणसांशी काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून मी संमतीपत्रच पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. माझी शाळा बारामतीतली, पण इंग्रजी माध्यमाची. जोडाक्षरांना वेळ लागला.

पेरूच्या बागेत काकूंनी ते उभ्यानं ऐकलं.

“म्हंजे न्हाय म्हणलं तरी चालतंय?”

“हो.”

“तुला कोण रागवायचं न्हाय?”

“नाही,” मी खोटं बोलले.

“मग न्हाय.”

बांधावर बसलेले त्यांचे सासरे खो खो हसले. “आजवर इचारलंच न्हवतं कुणी तिला. म्हणू दे की एकदा!”

“एकदाच व्हय? आता सवय लागंल, मामंजी.”

नकार मिळाला की आभार मानून निघायचं, असं मॅडमनी शिकवलं होतं. आभार मानले. पण निघणार कशी? कॉलेजची गाडी चारला येणार होती.

“हुबी काय ऱ्हातीस? हात हायत न्हवं?” काकूंनी पिशव्यांचा गठ्ठा पुढं केला. कोवळ्या पेरूला आधी फोमची जाळी, मग वर पिशवी. हात चालू झाले तशा काकू बोलायला लागल्या. माहेरापासून सुरुवात केली. माझा गठ्ठा दोनदा संपला, त्यांचं बोलणं संपलं नाही. वही मी बॅगेतून काढली नाही.

वर्गात मॅडमनी विचारलं, “चार तास तिथं केलंस काय?”

“पेरूला पिशव्या घातल्या.”

“बाई काही बोलल्या?”

“खूप.”

“मग लिही की!”

“त्या नाही म्हणाल्यात, मॅडम.”

वर्ग हसला. मॅडमनी मागं भिंतीकडं पाहिलं. त्यांचीच स्लाइड अजून झळकत होती: ‘नकाराचा आदर करा.’ त्यांनी प्रोजेक्टर बंद केला आणि मला आठवड्याची मुदत दिली.

निघताना काकूंनी माझा नंबर घेतला होता. रविवारी त्यांचा फोन आला. “दिलं का गं मार्क?”

“अजून नाही.”

“आन् तवा बोलली न्हाईस व्हय! ये उद्या, करते सही.”

मी गेले. या वेळी काकू इस्त्रीची साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. खत, फवारणी, ठिबक, सगळं त्यांनी रेडिओवर सांगावं तसं सांगितलं. मला तीसपैकी सव्वीस मिळाले.

पिशव्या घालताना त्या जे बोलल्या, ते मात्र त्यात नाही. इथंही नाही.