मनालीचा धडा कोण ऐकत होतं?

असल्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते... विश्वास तर नाहीच, ऐकायचाही कंटाळा. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडायला होतंय.

माझं माहेर वैशाखऱ्याचं, मुरबाडहून माळशेजकडे जाताना लागतं ते. सासर शहापूर, तिथल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आईकडे गेले होते, तेव्हा शेजारच्या वहिनी मनालीला घेऊन आल्या. पोरगी गावातल्या मराठी शाळेतून पाचवीला मुरबाडच्या इंग्लिश मीडियमला जाणार होती. "वाचते फाडफाड," वहिनी म्हणाल्या, "पन कळत काय नाय."

खरंच होतं. उतारा न अडखळता वाचायची. प्रश्न विचारला की त्यातला एखादा शब्द उताऱ्यात हुडकायची आणि ते अख्खं वाक्य उतरवून काढायची. कधीकधी उत्तर बरोबरही यायचं — अर्थ मात्र शून्य.

दुपारी जेवणं झाली की आम्ही पडवीत बसायचो. आई आत आडवी व्हायची. मी उतारा द्यायचे आणि मधेच अंगणात वाळत घातलेली आंबोशी हलवून यायचे. एकदा परत येते तर मनाली एकेक इंग्रजी वाक्य वाचून थांबतेय, पडवीच्या खांबाकडे मान वळवतेय आणि तेच मराठीत सांगतेय, चांगलं मोठ्याने. "दोघं भाव मामाकडं निघालं... वाटंत बरफ लागला."

मला वाटलं, हिने स्वतःच युक्ती काढली. शाबासकी दिली. आणि हळूहळू उत्तरं तिच्या स्वतःच्या शब्दांत यायला लागली.

मग एका दुपारी वाचून झाल्यावर म्हणाली, "ताई, घरी पोचल्यावं ती समदी जेवली का?"

धड्यात तसं काही नाही, मी म्हटलं.

"मला म्हायती हाय. पन ते आजोबा इचारतात ना. रोजच इचारतात." तिने खांबाकडे बोट केलं. "मोठ्यानं सांगाया लागतं. या कानानं त्यांना ऐकू येत नाय." आणि उजव्या कानाला हात लावला.

खांबाजवळ कुणीच नव्हतं.

माझ्या वडिलांचा — आम्ही त्यांना दादा म्हणायचो — उजवा कान खदाणीतल्या सुरुंगाने गेला होता. त्यांची शाळा चौथीपर्यंत. मी हायस्कूलला असताना दादा शेतावरून आले की त्याच खांबाला टेकून बसायचे आणि मला इंग्रजीचा धडा वाचायला लावायचे. दर वाक्याला "म्हंजे काय?" सांगून सांगून जीव मेटाकुटीला यायचा, पण सांगता सांगता धडा मलाच कळायचा. आज इंग्रजी शिकवते ती त्या पडवीमुळे. आणि गोष्ट राजाची असो नाहीतर वादळात सापडलेल्या जहाजाची, शेवटी त्यांचा प्रश्न ठरलेला — "मंग ती समदी जेवली का नाय?" आम्ही भावंडं हसून लोळायचो.

दादा गेले तेव्हा मनालीचा जन्मही झाला नव्हता.

आईने सांगितलं असेल, हाच पहिला विचार आला. संध्याकाळी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. दादांच्या नि माझ्या धड्यांच्या वेळी ती चुलीपाशी असायची. दादा काय विचारायचे हे तिला माझ्याकडूनच आत्ता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र ती दुपारी आडवी झाली नाही. पडवीत येऊन मनालीशेजारी टेकली. धडा संपेपर्यंत थांबली, मग एवढंच विचारलं, "खोकतात का गो ते?"

शेवटच्या वर्षात दादांना खोकल्याने रात्र रात्र झोप नसायची.

मनालीने खांबाकडे पाहिलं. "नाय," ती म्हणाली. "हसतात."

आई पदराने तोंड पुसून आत गेली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही, आणि मीही नाही.

मनाली आता सातवीत आहे, वर्गात चांगलं चाललंय. आजोबांबद्दल विचारलं तर लाजते, म्हणते आता नाय दिसत. तिने हे कुठून आणलं, मला सांगता येत नाही. मी खूप विचार करून पाहिला.

मी रोज तिथेच तर बसत होते, हातभर अंतरावर... मला एकदाही काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. भीती नाही वाटत — दादा मला दिसले नाहीत, त्याचंच वाईट वाटतं.